शिवन्याच्या भाराचे लाडू

१ जानेवारी २०२३

रीलवर एक सर सांगतात की मोठी झालेली सगळी माणसं डायरी लिहितात. म्हणून आजपासून सुरू. नववीत शाळा सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं. दिवसभर पोकलेन चालवून हात दुखत नाही, पेन धरून दुखतो.

मुक्काम अरुणाचल. डोंगर फोडून रस्ता चाललाय. घर पुण्याला, धायरीत. घरात आई, आप्पा, बायको कुसुम आणि आमची शिवन्या, अडीच वर्षांची. जिम टाकली, ती बसली. पोल्ट्री टाकली, ती पण बसली. मग ठरवलं, बाहेर पडल्याशिवाय माणूस घडत नाही.

संकल्प: सिगरेट बंद. पावसाळ्याच्या आत स्वतःचा पोकलेन घेऊन धायरीला परत. घराला रोज फोन. कर्ता माणूस लांब असला म्हणून काय झालं, घर रिमोटवरही चालतं.

३ जानेवारी

सिगरेट चालू केली. इथली थंडी बघितली तर डॉक्टरही नको म्हणणार नाही.

१० जानेवारी, अंगारकी. संध्याकाळ

आप्पांचा फोन. शिवन्याचं तोंड सुजलंय, ओठ हे एवढे, श्वासाला शिट्टी वाजतेय. आप्पा ओरडत होते, मागून कुसुम रिक्षा, रिक्षा म्हणून ओरडत होती. मग रेंज गेली. आमच्या साईटवर रेंज फक्त वळणावर येते, तीही तिच्या मनात आलं तर.

मी काय करणार? अशा वेळी पुरुषानं डोकं शांत ठेवायचं असतं. मी ठेवलं. वळणावर उभा राहिलो, डोळे मिटले आणि नवस बोललो. भैरोबा, माझ्या शिवन्याला वाचव, धायरीच्या जत्रेत तिची तुला करीन, तिच्या भाराचे शेंगदाण्याचे लाडू गावाला वाटीन.

पेढ्यांची तुला गेल्या जत्रेत भावकीतल्या सोनबाकाकांच्या नातवाची झाली. आपण कॉपी करत नाही.

रेंज आल्या आल्या नवसाची व्हॉइस नोट करून भावकीच्या ग्रुपवर टाकली. देवाला साक्षीदार असलेले बरे. रडू आलं होतं, ते पण त्यात आलंय. सगळ्यांनी हात जोडले.

११ जानेवारी

वाचली! भैरोबाच्या नावानं चांगभलं!

दुपारी कुसुमशी बोलणं झालं. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी आहे. कशाची, तर शेंगदाण्याची. आईचा उपवास होता, तिनं नातीला आपल्या ताटातला साबुदाण्याच्या खिचडीचा घास भरवला. एकच घास. त्यातल्या कुटानं हे झालं.

मी विचारलं, शेंगदाणाच का? दुसरं काहीतरी असेल. कुसुम म्हणाली, अहो, मी डॉक्टरांना सांगते तुमच्यासाठी दुसरं काहीतरी बघा म्हणून.

हॉस्पिटलात उभ्या असलेल्या बाईनं एवढं टोचून बोलू नये. पण मी समजून घेतलं.

१२ जानेवारी

डॉक्टरांचं म्हणणं कुसुमनं नीट सांगितलं. आधी खाऊन काही झालं नसलं तरी ॲलर्जी कधीही उठते, आणि हे बहुतेक जन्मभर राहणार. पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं. घास लागतच नाही, कुटाचा कण पुरतो. कुणाचा हात, चमचा, काहीही.

मग कुसुम म्हणाली, नवस मागे घ्या. ग्रुपवर स्पष्ट सांगा की तुला होणार नाही, आणि आईंना तुम्ही सांगा, माझं त्या ऐकणार नाहीत.

मी म्हणालो, आज रात्रीच सांगतो. कडक भाषेत.

१३ जानेवारी

काल रेंज नव्हती.

१६ जानेवारी

रेंज होती, पण काल संक्रांत झाली. सणाला लागून कडक बोलू नये. आई म्हणाली, संपत्या, स्वेटर घालतोस न्हवं? मी म्हणालो घालतो. तिनं विचारलं तीळगूळ खाल्लास का? म्हणालो खाल्ला. विषय निघालाच नाही.

मकबूलला सगळं सांगितलं. मकबूल आमच्या साईटचा मेकॅनिक, कोंढव्याचा. म्हणाला, देवाला सांगायचं होतं तर देवाला सांगायचंस, भावकीला कशाला सीसी केलंस? कोंढव्याच्या माणसाला गावकी समजत नाही.

२२ जानेवारी

आज घरासाठी नियम केले आणि व्हॉइस नोटवर पाठवले. घरात शेंगदाणा बंद. कूट बंद. शेंगदाण्याचं तेल बंद. चिक्की, चिवडा बंद. मोडणाऱ्याची गय नाही. आवाज चांगला आला होता, परत ऐकला.

कुसुमचा मेसेज: कुटाचा डबा मी अकरा तारखेलाच फेकला. आईंनी दुसरा भरलाय. तो देव्हाऱ्याखाली आहे. त्यावर बोला.

५ फेब्रुवारी

आईशी बोललो. सुरुवात मीच केली. म्हणालो, आई, ते कुटाचं जरा बघ.

आई म्हणाली, काय बघू? आमटीत कूट न्हाय, भाजीत न्हाय, कोशिंबिरीत न्हाय, मग उकळलेलं पाणी वाढू तुझ्या बापाला? मग एकदम रडायला लागली. म्हणाली, ह्याच हातचं खाऊन तू वाढलास. माझ्या हातात काय इख हाय का रं? परवा पोरगी माझ्याकडं आली तर सुनेनं तिला उचलून नेलं. आधी हात धुवा म्हणाली. घरात मला. माझ्या घरात.

अशा वेळी मुलानं आईला आणखी काय बोलायचं? मी म्हणालो, मी आहे ना, होईल सगळं नीट. आईला बरं वाटलं.

नंतर कुसुमला सांगितलं, आईशी बोललो. हे खरंच आहे.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी कुसुमला इंजेक्शन शिकवलंय. श्वास अडकायला लागला की विचार करत बसायचं नाही, मांडीत टोचायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. कुसुम संत्र्यावर सराव करते. आज व्हिडिओ कॉलवर मला पण दाखवलं. बापाला आलंच पाहिजे. सुई आत जाताना मशीनचा काहीतरी आवाज आला म्हणून मी तिकडं बघितलं. बाकी सगळं समजलं.

खालच्या मजल्यावर आमची भाडेकरू रझिया राहते, तिचा नवरा टेलर आहे. कुसुमनं तिला पण शिकवलं. बाहेरच्या बाईला कशाला, असं मी विचारलं. कुसुम म्हणाली, बाहेरचा तर अरुणाचलात आहे.

हे ती मकबूलबद्दल बोलत असावी.

६ मार्च

कुसुमनं नोकरी धरली. खराडीला एका आयटी कंपनीच्या रिसेप्शनवर. बारावीचा फायदा. धायरीहून खराडी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक, पण ती म्हणाली, लांबच बरं. दिवसभर शिवन्या रझियाकडे. रझियानं स्वतःच्या घरातले दाणे, तेल सगळं बंद केलंय, मुलांच्या डब्यातली चिक्कीसुद्धा. म्हणजे माझ्या नियमांचा खाली तरी परिणाम झाला.

आईला हे फार लागलंय. नात खाली भाडेकरणीकडं खेळती आणि आजी वर भिंतीकडं बघत बसती, असं म्हणाली.

१४ मार्च

आईचं म्हणणं, नवस तुंबलाय म्हणून घराला हे चाललंय. आप्पांचा गुडघा धरला, बोअरचं पाणी गेलं, सून नोकरीला गेली. देव आठवण करून देतोय.

मला पटत नाही. पण गुडघा धरलाय हे खरं आहे.

ती व्हॉइस नोट डिलीट करायला गेलो. एवढ्या जुन्या मेसेजला सगळ्यांसाठी डिलीट येत नाही. मकबूल म्हणाला, आलं असतं तरी भैरोबानं ऐकून ब्लू टिक केव्हाच दिली असेल.

१७ मार्च

तोडगा! दत्तोबा गुरवांना फोन केला. पिढ्यान् पिढ्या भैरोबाची पूजा त्यांच्याकडे. विचारलं, लाडवांऐवजी पेढे चालतील का? गुरव म्हणाले, देवाला काय, गूळखोबरंही चालतं. तुझ्या आईला चालतंय का ते विचार.

म्हणजे वरून परवानगी आली. अर्धं काम झालं.

१९ मार्च

उरलेलं अर्धं काम आज केलं. आईला पेढ्यांचं सांगितलं. आई म्हणाली, गुरवाचं काय जातंय, शब्द त्यानं न्हाय दिला, तू दिलास. पोरीचा जीव मागितलास तवा लाडू म्हणालास, जीव मिळाल्यावर पेढं? देवाशी घासाघीस करतोस व्हय रं? उद्या काय झालं तर कुणाच्या पायावर डोकं ठेवायचं? आणि पोरीला लाडू चारायचेत कुठं? एका तागडीत ती, एका तागडीत लाडू. बसवली की उतरवली.

ऐकल्यावर वाटलं, टेक्निकली बरोबर आहे. तागडीच्या दोन टोकांत अंतर असतं.

मी म्हणालो, आई, तुला योग्य वाटेल तसं कर. मी जत्रेला येतोच आहे, समोर उभा राहून सगळं बघतो.

लगेच कुसुमचा फोन. तुला होणार का? हो की नाही? मी म्हणालो नाही. आईला सांगितलंय. तिनं विचारलं, नक्की? म्हणालो, शिवन्याची शपथ. ती हसली. खूप दिवसांनी हसली.

दोघीही खूश. लांब राहून घर कसं सांभाळावं हे लोकांनी माझ्याकडून शिकावं.

८ एप्रिल

सुपरवायझरला सुट्टी मागायला गेलो. तो चिडलेला होता. उद्या मागतो.

१० एप्रिल

दरड कोसळली. रस्ता बंद. रस्ता मोकळा करायला पोकलेन पाहिजे आणि पोकलेनवर मी. जत्रेला जाणं होत नाही. यात माझा दोष कुणी काढू नये.

आईला फोनवर डिटेल प्लॅन दिला. लाडू आपल्या घरी नाही, चुलत्यांच्या घरी वळायचे. शिवन्याला मास्क. अंगावर चादर. लाडू झाकलेले. तुला झाली की लगेच घरी. आई म्हणाली, तू काय बी काळजी करू नगंस.

कुसुमला सांगायचं राहिलं. तिची त्या दिवशी ड्युटी आहे, उगाच डोक्याला ताप. संध्याकाळी येईल तेव्हा सगळं सुखरूप झालेलं असेल, मग तिलाही हसू येईल.

१२ एप्रिल, जत्रा. दुपार

कार्यक्रम एकदम जोरात!

वळणावर उभा राहून सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं. चुलतभावानं फोन धरला होता. आई शिवन्याला आणायला खाली गेली तेव्हा रझिया सोडत नव्हती म्हणे. कुसुमताईला विचारते म्हणाली. आई म्हणाली, नात माझी हाय, तू विचारणारी कोण? तर रझिया औषधाची पिशवी घेऊन मागं मागं देवळापर्यंत आली. काही लोकांना प्रत्येक गोष्ट मोठी करायची सवय असते.

देवळापुढं तागडी. एकीकडे माझी शिवन्या, मास्क लावून, चादरीत गुंडाळलेली, गोणीसारखी. दुसरीकडे लाडवांच्या पराती. मी ओरडून सांगत होतो, चादर नीट करा, फोन वर धरा. भावकीतले सगळे फोनमध्ये येऊन मला नमस्कार करून गेले. संपतशेठ, मानलं तुम्हाला. सोनबाकाका पण म्हणाले, तेही लाडू खात खात. गुलालात माझी आई किती तरुण दिसत होती.

तागडी सरळ झाली, हलगी वाजली. शिवन्यानं फोनकडं बघितलं आणि बाबा म्हणाली. मग चित्र तिथंच अडकलं. रेंज गेली.

नवस फिटला. डोक्यावरचं ओझं उतरलं. मकबूलला चहा पाजला.

१३ एप्रिल

रझियाच्या व्हॉइस नोट. सकाळी उघडल्या.

तागडीतून उतरवल्यावर सोनबाकाकांनी कौतुकानं पोरीचा मास्क खाली ओढला आणि गालाचा मुका घेतला. लाडवाचं तोंड, लाडवाचे हात. प्लॅनमध्ये मुका नव्हता.

आधी गाल लाल झाला, मग डोळे बंद झाले, मग श्वास. लोक म्हणाले दृष्ट लागली, कांदा हुंगवा, अंगारा लावा. गर्दीतून वाट मिळेना. रझियानं देवळाच्या पायरीवर तिला आडवं घेतलं आणि सुई टोचली. कुणीतरी तिचा हात धरला होता तर ती चावली म्हणे. मग हॉस्पिटल.

कुसुमला खराडीला कळलं. तिथून निघून भर ट्रॅफिकमधून ती रिक्षानं आली. रिक्षातून तिनं मला फोन लावले होते. नंतर बघितले. मी तेव्हा चहा पीत होतो.

शिवन्या मशीनवर आहे. डॉक्टर काही सांगत नाहीत.

दिवसभर वळणावर बसलोय. नवस बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

१५ एप्रिल

मशीन काढलं. डोळे उघडले. बोलत नाही अजून.

कुसुम फोन घेत नाही. आईनं घेतला. आवाज गेलाय तिचा. म्हणाली, नवस फेडला म्हणून वाचली रं. मग म्हणाली, संपत्या, मीच न्हेली तिला.

मी म्हणालो, असं मनात आणू नकोस. तू आणि कुसुम दोघींचं आपापल्या जागी बरोबर आहे. मी लवकरच यात लक्ष घालतो.

२४ एप्रिल

कुसुम घर सोडून गेली. खराडीला एक खोली घेतलीय. शिवन्याला घेऊन, बाकी काही न घेता. भांडीसुद्धा नेली नाहीत, आमच्या भांड्यांवर तिचा भरवसा नाही. रझिया सुट्टीच्या दिवशी तिकडे जाते. आईला बंदी. आप्पांना बंदी.

फोन एकदाच घेतला. मी समजावलं, रागाच्या भरात असे निर्णय घेऊ नयेत. ती म्हणाली, राग नाही हो आलेला. तुम्ही मला नाही म्हणालात आणि आईंना हो म्हणालात. आईंना माफ करीन एखादवेळेस. त्यांना खरंच वाटलं होतं की त्या तिला वाचवतायत. तुम्हाला काय वाटलं होतं, ते मला एकदा सांगा.

रेंज चांगली होती. मीच कट केला. असे प्रश्न फोनवर सुटत नाहीत.

२ मे

सुट्टी मंजूर. आता सगळं हातात घेतो. दोघींना समोरासमोर बसवतो. धायरीत वरचा मजला सेपरेट, नवीन भांडी, वेगळा जिना. महिन्याभरात कुसुम आणि शिवन्या घरी. मुलीनं बापाला बघितलं की ती निम्मी बरी होते.

पोकलेनचं यंदा जमत नाही. फॅमिली फर्स्ट.

८ मे. स्वारगेट

पोचलो. आईला न कळवता थेट खराडीला जाणार. आधी बायको, मुलगी. हीच प्रायॉरिटी. आईच्या घरचं काहीही खाल्लेलं नाही. नवा शर्ट घातलाय. स्टँडबाहेर दोन वडापाव खाल्ले. अरुणाचलात याची फार आठवण यायची.

८ मे. खराडी

तिसरा मजला. दाराबाहेर जाळीचं दार आहे, ते लावलेलं होतं. शिवन्या आत उभी. उंच झालीय. मला बघून पळत आली नाही. जाळीच्या मागूनच विचारलं, काय खाल्लं?

मला भरून आलं. एवढीशी पोर. मी म्हणालो, काही नाही बाळा, फक्त वडापाव.

कुसुम मागून आली. जाळी उघडायला हात केला होता, तो तिथंच थांबला. विचारलं, लाल चटणी होती? म्हणालो, वडापाव म्हटल्यावर लाल चटणी आलीच, जास्त मागून घेतली. ती म्हणाली, त्यात काय असतं? मी म्हणालो, लसूण. ती म्हणाली, आणि?

आणि काय ते तिनं सांगितलं.

वडापावच्या चटणीत शेंगदाणे घालतात ही गोष्ट गाडीवर लिहिलेली पाहिजे. सरकारनं यात लक्ष घालावं.

मी म्हणालो, तोंड धुतो. ती म्हणाली, अंघोळ करून या, कपडे बदलून या. मी म्हणालो, आत येऊन करतो. ती नाही म्हणाली. मग कुठं करू? धायरीला? तर म्हणाली, धायरीच्या बाथरूममधून निघालेला माणूस मला इथं चालत नाही. आवाज चढवला नाही. डोळ्यात पाणीही नव्हतं. मला बरं वाटावं असं काहीच नव्हतं.

म्हणून जिन्यात बसून लिहितोय. वॉचमन येऊन गेला. जिन्यात बसायचं नाही म्हणाला. मी म्हणालो, फॅमिली आहे वर.

थोड्या वेळानं परत जाळीपाशी गेलो, लांबच उभा राहिलो. शिवन्या म्हणाली, बाबा, तू फोनमध्ये ये ना.

जिन्यात येऊन व्हिडिओ कॉल लावला. कुसुमनं तिच्या हातात फोन दिला. मला फोनमध्ये बघून शिवन्या हसली. बाहुली दाखवली. मांडीवरची सुईची खूण दाखवली. मग विचारलं, बाबा, तू कुठं आहेस?

मी म्हणालो, इथंच आहे बाळा. जिन्यात.

तिचं हसू गेलं. ती म्हणाली, इथं नको. तिकडं लांब जा, मग फोन कर.